इंजिनाचा जन्मदाखला कुठून आणायचा?

चाकोरीबाहेरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गेली साडेचार वर्षं घराच्या गॅरेजमध्ये एक गाडी बांधतोय. लोटस सेव्हनच्या घाटाची: लांबट नाक, उघडी चाकं, दोन सीटा, दारं नाहीत, छप्पर नाही. बायकोच्या भाषेत 'मोठ्या माणसाची ढकलगाडी'. चेसिस आणि फायबरचे भाग किटमधून आले. गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि स्टिअरिंग १९८९ च्या फोर्ड सिएरामधून काढलं. ती सिएरा मी अख्खी विकत घेतली होती, तिचं लॉगबुक (इथलं आरसी बुक) माझ्याकडे आहे.

घोळ इंजिनाचा आहे. सिएराचं पिंटो इंजिन पार गेलेलं होतं, म्हणून फोर्डचंच १.८ लिटरचं झीटेक इंजिन घेतलं. एका गृहस्थाच्या शेडमधून, दोनशे पौंड रोख, पावती नाही. कशातून काढलं विचारलं तर म्हणाला, "एस्कॉर्ट, बहुतेक." त्या 'बहुतेक'वर मी विश्वास ठेवला. वर दोन वेबर कार्ब्युरेटर चढवले. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, थोडं आनंदाचं, बाकी धुराचं.

इथे घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए नावाची तपासणी असते. साडेचारशे पौंड फी. अर्ज भरताना कळलं की इंजिन कधी बनलं त्याचा पुरावा जोडायचा, नाहीतर धुराची चाचणी आजच्या नियमाने होणार. इंजिन १ ऑगस्ट १९९२ च्या आधीचं असेल तर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो. आजचं धरलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाली (कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा) चाचणी, अडीच ते तीन हजार आरपीएमला ०.२ टक्के. वेबरवर ०.२ म्हणजे बैलाने दूध देण्यासारखं आहे.

इंजिनावर नंबर आहे. दोन अक्षरं आणि पाच आकडे. पहिलं अक्षर एन, स्पष्ट. दुसरं गंजाने खाल्लंय. कोणी असल्या प्रकारातून गेलंय का? कागद कुठून मिळवला?

प्रश्नचिन्ह

गाडी शोरूममध्ये तयार मिळते हे आपणांस ठाऊक आहे ना? सहज विचारलं.

टेम्सकाठी

मला प्रश्नच कळला नाही. सिएराचं लॉगबुक आहे म्हणता. मग गाडी १९८९ ची धरतील, १९८९ चा नंबर देतील आणि १९८९ च्या नियमाने धूर तपासतील. संपलं की!

वेबरवाला

आयडी बघून कळलंच असेल की या धाग्याची मी वाट बघत होतो.

टेम्सकाठी, इथेच नव्वद टक्के लोक घसरतात. मीही घसरलो होतो. गाडीचं वय आणि इंजिनाचं वय या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि त्या बघणारी खातीही वेगळी.

नंबरप्लेट देतं डीव्हीएलए. त्यांना बघायचं असतं की नव्या चेसिसवर एकाच जुन्या गाडीचे निदान दोन मोठे भाग आले आहेत का. धागाकर्त्याकडे सिएराचा गिअरबॉक्स, डिफ आणि स्टिअरिंग आहे, लॉगबुक आहे. म्हणजे सिएराच्या वयाला साजेसा नंबर मिळायला हरकत नसावी. असे भाग नसते किंवा कशाचंच वय ठरलं नसतं, तर 'क्यू'ने सुरू होणारी प्लेट गळ्यात पडते.

धूर तपासतं डीव्हीएसए, आयव्हीएच्या वेळी. त्यांना सिएराशी काही देणंघेणं नाही. नाकासमोर जे इंजिन बसलंय ते कधी बनलं, एवढंच. सिएराच्या लॉगबुकात सिएराच्या पिंटोचा नंबर लिहिलेला असणार. तो कागद पुढे केलात तर परीक्षक नंबर ताडून बघेल आणि हसून परत देईल.

माझं इंजिन पिंटोच होतं, त्यामुळे मी सुटलो. पिंटो १९७० पासूनचं, नव्वदीच्या सुरुवातीला फोर्डने ते मागे सारलं होतं. ओनर्स क्लबने लेटरहेडवर लिहून दिलं की या नंबरचं इंजिन अमुक काळातलं, काम झालं. झीटेकची पंचाईत अशी की ते नेमकं त्या रेषेवर जन्माला आलं. १९९२ च्या सुमारास एस्कॉर्टमध्ये आलं तेव्हा नाव 'झीटा' होतं. लान्सियाने त्या नावावर हक्क सांगितल्यावर झीटेक झालं. पुढे अनेक वर्षं बनत राहिलं. म्हणजे नुसतं 'झीटेक आहे' म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

टेम्सकाठी

अच्छा, दोन खाती. माघार. आपल्याकडे रेशनकार्डावरचं वय वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं, तसं.

चिकूची_आई

आमच्या आजोबांची तर तिन्ही कागदांवर तीन वयं होती. निवृत्त झाले ते चौथ्याच तारखेला.

सातारी_तर्री

गाडी बांधली नाही, पण इंजिनाचा कागद शोधण्यात आमच्या वडिलांची दोन वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती. पेट्रोल परवडेना, म्हणून वडिलांनी तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी ज्याच्या त्याच्या जीपमध्ये आणि अँबेसेडरमध्ये मॅटाडोरचंच इंजिन असायचं. कारण मुळात ते मर्सिडीजच्या घराण्यातलं, खायचं कमी आणि ओढायचं बैलासारखं. इंजिन मिळालं एका गॅरेजवाल्याकडून, त्याने घेतलं भंगारातून, भंगारवाल्याने कुठून घेतलं ते पांडुरंगाला ठाऊक.

आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवायला गेलो तर साहेब म्हणाले, बिल आणा. गॅरेजवाला म्हणाला, बिल भंगारवाल्याकडे. भंगारवाला म्हणाला, मी वजनावर घेतो, बिल कसलं? शेवटी तो माणूस शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार झाला, तोवर साहेबांची बदली. नवे साहेब म्हणाले, "हे इंजिन चोरीचं नाही कशावरून?" वडील म्हणाले, "साहेब, चोरीचं असतं तर मी ते तुमच्याकडे कशाला आणलं असतं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, पण नोंदही झाली नाही. झाली ती तिसऱ्या साहेबांच्या कारकिर्दीत, तेव्हा जीप विकायला काढली होती.

धागाकर्ते, तुमच्या इंग्रज साहेबाची बदली होते का ते आधी बघा.

बे_एरियाकर

कॅलिफोर्नियात याच प्रश्नाचं उत्तर इतकं वेगळं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथे घरी बांधलेल्या गाड्यांसाठी एसबी १०० नावाचा कायदा आहे. वर्षाला फक्त ५०० गाड्यांना ही सवलत मिळते. जानेवारीत कार्यालय उघडलं की लोक रांगेत. ती मिळाली की धुराच्या तपासणीसाठी गाडीचं वर्ष ठरवायला दोन वाटा, आणि निवड मालकाची: इंजिनाचं वर्ष, नाहीतर गाडी ज्या जुन्या मॉडेलसारखी *दिसते* त्या मॉडेलचं वर्ष. माझ्या शेजाऱ्याची घरी बांधलेली कोब्रा स्पोर्ट्स कार हल्लीच्या व्ही-८ वर चालते, पण दिसते १९६५ सारखी, म्हणून कागदावर १९६५. गाडी कशासारखीच दिसत नसेल तर १९६० धरतात!

थोडक्यात तिकडे इंजिनाचा जन्मदाखला मागतात, इकडे चेहरा बघून वय ठरवतात.

चिकूची_आई

चेहरा बघून वय ठरवणाऱ्या राज्यात मला कधी बोलावताय?

हौशी_हातोडा

उगाच डोकं शिणवताय. लेटरहेड छापायला किती लागतं? 'अमुक ऑटो पार्ट्स, बर्मिंगहॅम', खाली गिचमिड सही. परीक्षक काय फोन करून बघणारे?

वेबरवाला

हो, बघतात. माझ्या वेळी क्लबला फोन गेला होता. आणि समजा नाही बघितलं, तरी अर्जावर खालची सही तुमची असते. खोटी माहिती देऊन गाडी नोंदवणं हा गुन्हा आहे. अपघात झाला आणि विमावाल्याने हा कागद उकरला, तर काय सांगाल?

संपादक मंडळ

बनावट कागदपत्रांचे सल्ले या धाग्यावर नकोत. हौशी_हातोडा, प्रतिसाद ठेवला आहे कारण त्याखालचं उत्तर उपयोगी आहे. पुढचा असा प्रतिसाद उडेल.

हौशी_हातोडा

गंमत केली हो. आमच्या नावातच हातोडा आहे, कागद कुठला आमच्याकडे.

मिल्टन_कीन्सचा_मन्या

मी माझ्दा एमएक्स-५ ही डोनर गाडी (जिचे भाग काढून वापरायचे ती) घेऊन किट बांधलं, चार वर्षं झाली. आयव्हीएला इंजिनाच्या वयावर मिनिटभरही गेला नाही. कारण एकच: चालती गाडी लॉगबुकासकट घेतली, आणि इंजिन बाहेर काढायच्या आधी ते जागेवर असताना नंबरचा फोटो काढला, मागे गाडीची नंबरप्लेट दिसेल असा. लॉगबुकात तोच इंजिन नंबर. वाद नाही.

धागाकर्त्याला आता याचा उपयोग नाही हे कळतंय, पण हा धागा वाचून उद्या कोणाला हुरूप आला तर: सुटं इंजिन स्वस्त पडतं ते कागद नसतो म्हणून.

दुसरं, वेबरचा मोह सोडता येईल का? मूळ फ्युएल इंजेक्शन, ते चालवणारा फोर्डचा संगणक (ईसीयू), एक कॅट आणि धूर मोजणारा लॅम्डा सेन्सर. आजच्या नियमाने सुद्धा पास होईल. वयाचा प्रश्नच संपला.

चाकोरीबाहेरचा

मन्या, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि मी ते ऐकणार नाही. त्या दोन वेबरचा श्वास ऐकायला म्हणून तर साडेचार वर्षं घालवली.

वेबरवाला

+१. मन्याने मोह म्हटलं, आम्ही भक्ती म्हणतो.

टेम्सकाठी

अवांतर: लंडनला आणणार असाल तर युलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार) रोज साडेबारा पौंड बाजूला काढा. २०२३ च्या ऑगस्टपासून लंडनचे सगळे बरो त्यात आले. तो चुकवायला पेट्रोल गाडी युरो ४ या धुराच्या मानकाची हवी. कॅमेऱ्याला तुमची भक्ती दिसत नाही.

प्रश्नचिन्ह

लोक असली गाडी बांधतात कशाला पण? गंभीर प्रश्न. पैसे वाचतात?

वेबरवाला

एके काळी वाचायचे. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन काढली तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गाडी पेटीत भरून विकायची आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायची. जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागू होईल, म्हणून गाडी *कशी सोडवायची* याची पुस्तिका द्यायचे आणि लोक ती उलटी वाचायचे, असं सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती फट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला विकले. आता पैसे वाचत नाहीत. नवी छोटी गाडी घ्या, स्वस्त पडेल.

प्रश्नचिन्ह

मग?

वेबरवाला

मग काही नाही. लोक शेअर बाजारात पण पैसे घालवतात, त्यांना कोणी 'मग?' विचारत नाही.

उद्यमनगरी

कोल्हापूर. आमचं इंजिन बोरिंगचं वर्कशॉप आहे, वडिलांपासून. दिवसातून दहा ब्लॉक हातातून जातात, त्यामुळे खाल्लेला नंबर वाचणं हा आमचा रोजचा धंदा. धागाकर्ते, तुम्ही आतापर्यंत काय केलंत ते सांगा. वायर ब्रश मारला का? पॉलिश पेपर घासला का?

चाकोरीबाहेरचा

वायर ब्रश हाताने हलकासा. पॉलिश पेपर अजून नाही, उद्या मारणार होतो.

उद्यमनगरी

देव पावला. पॉलिश पेपर अजिबात नको! ग्राइंडर तर हातात पण धरू नका. ठोकलेला नंबर म्हणजे खड्डा. तुम्ही वरचा धातू घासला की खड्डा उथळ होतो आणि अक्षर कायमचं जातं. शिवाय घासलेली जागा बघून कुठल्याही साहेबाला पहिला संशय येतो की नंबर पाडलाय.

असं करा. गंज उतरवायचं द्रव कापसाच्या बोळ्याने लावा, रात्रभर वर प्लॅस्टिक दाबून ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने धुवा, पुसून लगेच कोरडं करा. मग पांढरा खडू आडवा धरून फासा आणि बोटाने वरचा पुसा. खड्ड्यातला खडू राहतो. टॉर्च समोरून नको, बाजूने मारा, अगदी ब्लॉकला टेकवून, म्हणजे खड्ड्याची सावली पडते.

एवढ्यावर नाही दिसलं तर आरटीओवाली युक्ती. पातळ कागद घट्ट धरायचा, वरून शिसपेन्सिल आडवी घासायची. पासिंगला चेसिसचा छाप घेतात तस्सं. डोळ्याला जे दिसत नाही ते कागदाला कळतं.

सातारी_तर्री

त्या छापाच्या पट्ट्या आरसीच्या फायलीला चिकटवलेल्या असायच्या! वडील दोन जास्तीच्या काढून पाकिटात ठेवायचे, 'साहेबांनी हरवली तर' म्हणून.

निगडीकर

राहवलं नाही म्हणून विचारतो. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, अशी घरी बांधलेली गाडी पास होते का? दोन वर्षांपासून डोक्यात आहे.

उद्यमनगरी

शेतात चालवायला पास लागत नाही. 😀

वेबरवाला

निगडीकर, हौशी माणसाच्या एकट्या गाडीसाठी आयव्हीएसारखी सोपी खिडकी आपल्याकडे नाही. रस्त्यावर येणाऱ्या मॉडेलला टाइप अप्रूव्हल हवं, ते पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून. वेताळ टेकडीवरून रोज दिसते ती. पण तो कारखानदारांचा मार्ग, एका गाडीसाठी तो खर्च कोण करणार? आहे त्या गाडीत मोठे बदल करायचे म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं.

जुनी गाडी होती तशी उभी करायची हौस असेल तर मात्र २०२१ पासून सोय झाली आहे. पन्नास वर्षांहून जुनी, फारसे बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. नवीन नोंदणीला वीस हजार.

निगडीकर

पन्नास वर्षांची गाडी शोधण्यापेक्षा माझी आत्ताची तीसेक वर्षं सांभाळतो.

चाकोरीबाहेरचा

मंडळी, उद्यमनगरींच्या पायावर डोकं ठेवायचं बाकी आहे!

शुक्रवारी रात्री द्रव लावलं, शनिवारी सकाळी धुतलं. खडूने पाचही आकडे असे उमटले की जणू कालच ठोकलेत. दुसरं अक्षर मात्र तरी अर्धंच. मग स्वयंपाकघरातून बटर पेपर पळवला (याची कबुली घरी अजून दिलेली नाही) आणि पेन्सिल घासली. सात छाप घेतले. जे दिसतं ते असं: उजवीकडे सरळ उभी दांडी, खाली गोल वळण, ते डावीकडे वर चढतं आणि तिथेच थांबतं. त्याच्या वर एक वाटाण्याएवढा गंजाचा खळगा आहे, त्यात जे काही होतं ते गेलं.

मला कधी इंग्रजी 'जे' वाटतो, कधी 'यू'. बायकोला यू वाटतो. मुलीला जे. शेजारचे आजोबा चष्मा लावून आले आणि म्हणाले, हा हॉकीचा स्टिक आहे.

आता जे आणि यू मध्ये निकाल कसा लावायचा? छाप घेऊन एखाद्या लॅबमध्ये जाऊ का?

वेबरवाला

थांबा, थांबा. फोर्डची अक्षरं सांगतो. युरोपच्या फोर्डमध्ये पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. एन म्हणजे १९९२. महिन्याची अक्षरं सरळ ए बी सी नाहीत आणि दर वर्षी सरकतात, चार वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्यावर. १९९२ ची जानेवारी ते डिसेंबर अशी: एल, वाय, एस, टी, जे, यू, एम, पी, बी, आर, ए, जी.

म्हणून नुसतं दुसरं अक्षर बघून कोणी महिना सांगितला तर ऐकू नका. १९९१ मध्ये जे म्हणजे जानेवारी होता.

चिकूची_आई

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण बारा अक्षरं मोजता येतात. जे पाचवं, यू सहावं. म्हणजे मे किंवा जून. तुमची लक्ष्मणरेषा १ ऑगस्ट. मग जे असो की यू, काय फरक पडतो?

चाकोरीबाहेरचा

…

वेबरवाला

ताई, मी यादी टाइप करत बसलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. दंडवत.

मिल्टन_कीन्सचा_मन्या

आणि हे भाऊ छाप घेऊन लॅबमध्ये निघाले होते!

कीस_पाडतो

आनंदावर विरजण घालायचं नाही, पण परीक्षक विचारेल ते आधी मीच विचारतो.

एक. एनच का? फोर्डची वर्षाची अक्षरं फिरून येतात. एन म्हणजे १९७३ सुद्धा होतं.

दोन. त्या बारा अक्षरांत गोल बुडाचं आणि उजवीकडे सरळ दांडीचं दुसरं काही नाही ना? पी, बी, आर ही ऑगस्ट ते ऑक्टोबरची आहेत, म्हणजे रेषेच्या पलीकडची.

तीन. इंजिन जूनमध्ये बनलं आणि गाडी सप्टेंबरमध्ये नोंदली गेली असेल तर? इथे १ ऑगस्टलाच नंबरप्लेटचं अक्षर जे वरून के वर गेलं होतं. डोनर एस्कॉर्ट के असेल तर?

चार. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९५ या मधल्या काळातल्या गाड्यांची एमओटीला (दरवर्षीच्या तपासणीला) सरसकट कॅटची चाचणी होत नाही, ते मॉडेल उत्सर्जनाच्या यादीत आहे का ते बघतात. म्हणजे पलीकडे गेलात तरी सगळं संपलं असं नाही.

वेबरवाला

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, १९७३ मध्ये झीटेक कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्याचं: पी, बी, आर तिघांचीही सरळ दांडी *डावीकडे* असते. छापात ती उजवीकडे आहे. एम आणि ए च्या बुडाला वळण नाही, जी ला उजवीकडे पूर्ण उभी दांडी नाही. उरतात जे आणि यू. तिसऱ्याला, आयव्हीएला इंजिन कधी बनलं ते बघतात, ते आधी ज्या गाडीत होतं ती कधी नोंदली हे नाही. चौथा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता.

हौशी_हातोडा

१९७३ च सांगा की! १९७५ च्या ऑगस्टआधीच्या इंजिनाला मशीन लावतच नाहीत, नुसता धूर डोळ्याने बघतात. (संपादक मंडळ, गंमत आहे.)

उद्यमनगरी

एक आमच्या बाजूने. ब्लॉकवर ओतकामाची तारीख वेगळी असते, ठोकलेल्या नंबराची वेगळी. ओतलेली आधीची, कारण ब्लॉक ओतून मग मशीनिंग, मग जोडणी. दोन्हींचे फोटो जोडा. ओतकाम नंबराच्या नंतरचं निघालं तर मात्र इंजिनाचा इतिहास गडबड आहे.

चाकोरीबाहेरचा

ओतकामाचा शिक्का सापडला, १९९२ चाच आहे, नंबराच्या आधीचा. फोटो काढला.

आता कागद. छाप, फोटो आणि अक्षरांचा तक्ता घेऊन एका फोर्ड डीलरच्या पार्ट्स काउंटरवर गेलो. पहिल्या ठिकाणी पोराने संगणकात नंबर टाकला, संगणक गप्प बसला, पोरगाही. दुसऱ्या ठिकाणी साठीचे एक गृहस्थ होते. त्यांनी बटर पेपर उजेडाकडे धरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" म्हटलं, इंडियात गाडीचं पासिंग करताना असं करतात. त्यांनी आतल्या दोघांना बोलावून तो छाप दाखवला! मग लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या.

छाप मूळ प्रतीसकट अर्जाला जोडलाय. तपासणीची तारीख मिळाली की कळवतो.

सातारी_तर्री

जास्तीच्या दोन पट्ट्या पाकिटात ठेवा. वडिलांचा सल्ला.

बे_एरियाकर

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

प्रश्नचिन्ह

धागा वर काढतोय. दोन महिने झाले, गाडी पास झाली की ढकलगाडीच राहिली?

चाकोरीबाहेरचा

उशिराबद्दल माफी. तपासणी मागच्या मंगळवारी झाली. नापास.

धुरात नाही! धुरात कार्बन मोनॉक्साइड २.८ आला, सकाळी थंड हवेत कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसलो होतो त्याचं चीज झालं. नापास झालो ते पुढच्या सस्पेन्शनच्या एका नटावर प्लॅस्टिकची टोपी नव्हती म्हणून. बाहेरच्या कडा अडीच मिलिमीटरच्या गोलाईच्या हव्यात, पादचाऱ्याला लागू नये म्हणून. अठ्ठावीस टोप्या जागेवर होत्या, एकोणतिसावी वाटेत हायवेवर पडली असणार. शिवाय डावा आरसा इंचभर आत. फेरतपासणीचे नव्वद पौंड भरलेत, पुढच्या आठवड्यात आहे.

इंजिनाच्या वयाचं म्हणाल तर परीक्षकाने पत्र वाचलं, वाकून ब्लॉकवरचा नंबर बघितला, पत्रातल्या आकड्यांवर पेन फिरवत एकेक ताडला. सगळं मिळून मिनिटभर. ज्याच्यासाठी मी चार महिने झोपलो नाही.

वेबरवाला

अभिनंदन! टोपीला सुपरग्लू लावा.

मिल्टन_कीन्सचा_मन्या

आणि पास झाल्यावर घरी येऊन सगळ्या टोप्या काढून टाकतात, ती परंपरा आहे. मी बोललो नाही.

चिकूची_आई

ते सगळं राहू दे. पत्रात काय लिहिलं शेवटी, जे की यू?

चाकोरीबाहेरचा

"मे किंवा जून १९९२." घरात अजून मतभेद आहेत.